तारली कोण कोण खातं? छोट्या मासळीवर रिसर्च करायला येणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

महिन्यातून दोन-तीन तरी मेसेज येतात मला. बीएस्सी झूलॉजी झालंय, समुद्रात काम करायची खूप इच्छा आहे, डॉल्फिनवर रिसर्च करायचाय, सुरुवात कुठून करू. मी प्रत्येकाला उलट एकच विचारते, की डॉल्फिन खातो काय ते बघितलंयस का कधी. बहुतेक जण म्हणतात मासे. कुठले मासे, कुठल्या महिन्यात, किती मोठे, कुठल्या पाण्यातले, ते मासे स्वतः काय खाऊन वाढले, इथपर्यंत गेलं की समोरून टायपिंग बंद होतं. तर म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू. मी जे शिकले त्यातलं बरंचसं मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती.

मी मिरजेची. समुद्र पहिल्यांदा बघितला तो गणपतीपुळ्याला, सातवीत. बारावीनंतर रत्नागिरीला शिरगावच्या फिशरीज कॉलेजला बीएफएस्सीला (फिशरीज सायन्सची डिग्री) लागले तेव्हा मला बांगडा आणि तारली यातला फरक कळत नव्हता आणि घरच्यांना वाटत होतं की पोरगी मासे विकायचं शिक्षण घेतेय. चार वर्षं बीएफएस्सी, दोन वर्षं एमएफएस्सी, मग पीएचडी, आणि यातली बरीच वर्षं मालवण, देवगड, वेंगुर्ला या पट्ट्यात जेटीवर गेली. विषय एका ओळीत सांगायचा तर किनाऱ्याजवळची छोटी मासळी आणि तिला खाणारे.

छोट्या मासळीला इंग्रजीत फोरेज फिश म्हणतात, आपल्याकडे वर्गात पण तोच शब्द वापरतात. तारली (सार्डिन), पेडवे, मांदेली, आणि थोडाफार बांगडा पण त्यातच धरतात. ही मासळी थव्याने राहते, पाण्यातलं प्लँक्टन (तरंगणारे बारीक जीव) खाते, लवकर वाढते, लवकर अंडी घालते आणि लवकर मरते. तारली साधारण दोन-अडीच वर्षं जगते, त्यात पहिल्याच वर्षात चौदा-पंधरा सेंटीमीटर होऊन अंडी घालायला तयार. आणि हिला खायला अख्खा समुद्र टपलेला असतो, सुरमई, कुपा, वाकटी, माखूल (स्क्विड), डॉल्फिन, वरून सुरय पक्षी आणि समुद्री गरुड, आणि सगळ्यात वर आपण. म्हणजे सूर्याच्या उजेडापासून प्लँक्टनने जे कमावलं ते मोठ्या माशांपर्यंत पोचवायचं काम या चार-पाच जातींकडे आहे. खाली प्लँक्टनच्या शेकडो जाती, वर खाणाऱ्यांच्या पण भरपूर, आणि मधे मात्र मोजक्याच जाती पण संख्येने अफाट. म्हणून मधली ही मासळी हलली की वरचं खालचं सगळंच हलतं.

आता शिक्षणाचं पटकन सांगते कारण ते सगळीकडे मिळतं. एमएफएस्सीला बहुतेक ठिकाणी बीएफएस्सीच लागते, झूलॉजीवाल्यांना तिथे दार अर्धं बंद असतं हे आधी माहिती असलेलं बरं, बऱ्याच जणांना हे टीवायला कळतं. पण त्यामुळे निराश होऊ नका, एमएस्सी मरीन सायन्स किंवा मरीन बायॉलॉजी करून याच कामात आलेले माझे कितीतरी मित्र आहेत, गोवा युनिव्हर्सिटी आहे, दोनापावलाला एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) आहे, वर्सोव्याला सीआयएफई (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था) आहे, कोचीला सीएमएफआरआय (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) आहे आणि तिची केंद्रं किनाऱ्यावर जागोजागी आहेत. नेट, म्हणजे फेलोशिपसाठीची राष्ट्रीय परीक्षा, काढा. त्यातून मिळणारी जेआरएफ (रिसर्च फेलोशिप) २०२३ पासून महिना ३७,००० आहे आणि प्रोजेक्टवर लागलात तर त्यापेक्षा कमी मिळतं, आणि ते पैसे दर महिन्याला वेळेवर येतील असं समजून खोली भाड्याने घेऊ नका. माझी फेलोशिप एकदा सलग सात महिने अडकली होती आणि त्या सात महिन्यांत बोटीच्या डिझेलचे पैसे मी बाबांकडून घेतले. हा राग अजून आहे माझ्या मनात, कारण मासळीचा सीझन फेलोशिपसाठी थांबत नाही, ऑक्टोबरचं सॅम्पल डिसेंबरमध्ये घेता येत नाही. निदान चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून मगच फील्डला उतरा.

आता खरं काम. खाणाऱ्याने काय खाल्लं हे कळायचा सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे त्याचं पोट उघडून बघणं. ऐकायला सोपं वाटतं. सुरमई घ्यायची, पोट फाडायचं, आतले मासे मोजायचे, वजन करायचं, टेबल भरायचं. पहिला प्रश्न येतो पैशाचा, कारण सुरमईचा भाव तुम्हाला माहितीये आणि फेलोशिपमध्ये तुम्ही किती सुरमया विकत घेणार, आणि तांडेल (बोटीचा कप्तान) काय तुम्हाला लिलावाआधी मासा फाडू देणार आहे थोडाच, पोट फाडलेल्या सुरमईला कोण भाव देईल. मग मी बाजारात आडाळ्यावर (विळीवर) मासे कापून देणाऱ्या मावश्यांकडे गेले. गिऱ्हाईक सुरमई घेतं, मावशी कापते, आतडी-पोट बाजूला टाकते, ते तसंही मांजरांनाच जायचं. मी म्हटलं मावशी हे मला द्या, मी प्रत्येकाचे थोडे पैसे देते, फक्त मासा कापायच्या आधी मला लांबी मोजू द्या. पहिले पंधरा दिवस कुणी लक्ष दिलं नाही. मग मी सकाळपासून तिथेच बसायला लागले, टोपल्या उचलू लागले, बर्फ फोडायला लागले, तेव्हा एक आजी म्हणाली, "काय गो बाय, पोटात काय गावतला तुका?" मी तिला दाखवलं, अख्खी तारली निघाली होती एका पोटातून, खवलं सुद्धा शाबूत. त्यानंतर ती स्वतः हाक मारून बोलवायची, ये गो, मोठी इली हा.

पण यात एक मेख आहे आणि ती मला सहा महिन्यांनी कळली. बाजारात कापली जाते ती मध्यम सुरमई. मोठी सुरमई जेटीवरूनच बर्फात भरून हॉटेलला नाहीतर बाहेर जाते, ती मावशीच्या आडाळ्यावर येतच नाही. म्हणजे माझ्या डेटात मोठी सुरमई जवळजवळ नव्हतीच, आणि मोठी सुरमई खाते ते वेगळं, मोठं भक्ष्य खाते. मी जर तसंच लिहिलं असतं की सुरमई मुख्यतः पेडवे आणि छोटी तारली खाते, तर ते बाजारात कापल्या जाणाऱ्या सुरमईपुरतं खरं, समुद्रातल्या सुरमईबद्दल नाही. या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं मला हेच वाटतं, आणि नवीन येणाऱ्याला मी पहिल्या दिवशी हेच सांगते, की हातात आलेलं सॅम्पल पाण्यातून तुमच्या बाटलीपर्यंत कसकसं आलं तो सगळा प्रवास तुम्हाला माहिती पाहिजे. कुणी पकडलं, कुठल्या जाळ्यात, जाळं किती तास पाण्यात होतं, कुठे विकलं, कुणी कापलं, किती वेळ उन्हात होतं. हे माहीत नसेल तर पोटात काय सापडलं याचा अर्थच लागत नाही.

जाळ्याचंच बघा. गिलनेट (पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं जाळं) संध्याकाळी टाकतात, पहाटे ओढतात, त्यात रात्री आठला अडकलेला मासा पहाटेपर्यंत तिथेच असतो आणि त्याच्या पोटातलं पचन काही थांबत नाही, म्हणून गिलनेटच्या सुरमईची पोटं बरीच रिकामी निघतात. ती उपाशी होती असा निष्कर्ष काढू नका. पर्ससीनमध्ये (थव्याला वेढून खालून आवळायचं जाळं) उलटं, तारलीचा अख्खा थवा आणि त्याच्या मागे लागलेले मोठे मासे एकाच जाळ्यात कोंडले जातात, आणि कोंडल्यावर ते आत पण खात सुटतात, तिथलं पोट तारलीने ठासून भरलेलं असतं. ती बाहेर एवढी खाते असं पण नाही. गोबऱ्यासारखे खोलातले मासे भराभर वर ओढले की आतल्या हवेच्या पिशवीचा दाब बदलतो आणि पोटच तोंडातून बाहेर येतं, त्यात काय होतं ते समुद्रात गेलं.

आणि गळाचं तर मी विसरूच शकत नाही. एका डिसेंबरात देवगडच्या एका बोटीकडून मला गळाच्या सुरमया मिळत होत्या आणि त्यातल्या पाच-सहा पोटांत तारलीचे तुकडे. मी खूष, थंडीत तारली किनाऱ्याजवळ आहे आणि सुरमई तिच्यावर आहे असं टिपण पण करून टाकलं. मग एका संध्याकाळी ट्रेमध्ये तो तुकडा चिमट्याने उलटा केला, आणि बघते तर एका बाजूची कड एकदम सरळ. दातांनी तोडलेलं मांस फाटतं, रेषा वाकडी येते, आणि हे सुरीने कापल्यासारखं होतं, पाठीच्या कण्यातून आरपार, मधला मणका अर्धा. दुसरा तुकडा बघितला, तसाच. सकाळी जेटीवर जाऊन विचारलं, "काका, गळाला काय लावता?" म्हणाले, "तारली, दुसरा काय?" ते आमिष होतं. ती तारली सुरमईने समुद्रात पकडलीच नव्हती, ती कदाचित बर्फातली आठ दिवस जुनी, दुसऱ्याच बंदरावरची होती. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याची कड भिंगाखाली बघायची सवय लागली, आणि माझ्या विद्यार्थ्यांना पण मी पहिल्या आठवड्यात मुद्दाम आमिषाचे तुकडे आणि खरे तुकडे मिसळून देते, की शोधा यातलं कुठलं काय.

ओळखायचं कसं हा पुढचा प्रश्न, कारण पोटातला मासा काही पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखा नसतो. पहिल्या दोन-तीन तासात कातडी जाते, मग मांस, मग उरतो कणा आणि माशाच्या डोक्यातले खडे, ज्याला ओटोलिथ म्हणतात. हे खडे प्रत्येक जातीचे वेगळे, तारलीचा खडा जेमतेम काही मिलिमीटर. तुमच्या भागातल्या खड्यांचा संग्रह तुम्हालाच करावा लागतो, आणि हे काम फील्ड सुरू व्हायच्या आधी करा. मी बाजारातून वाट्यावर मिळतील ते सगळे छोटे मासे घ्यायचे, प्रत्येकाची लांबी वजन, मग डोकं काढून गरम पाण्यात सोडायचं, खडे काढायचे, सुकवायचे, गोळ्यांच्या छोट्या डब्यात नावासकट ठेवायचे. खड्याच्या लांबीवरून माशाची लांबी काढता येते, म्हणजे पोटात फक्त खडा सापडला तरी किती मोठा मासा खाल्ला होता ते सांगता येतं. फक्त माखलाच्या चोचीबद्दल सावध राहा, ती पचत नाही लवकर, दिवसेंदिवस पोटात साठून राहते, म्हणून नुसत्या चोची मोजल्या तर वाटतं की हा मासा माखूल सोडून काही खातच नाही.

मोजणीत तीन गोष्टी लागतात, किती पोटांत सापडलं, किती नग सापडले, आणि वजन किती. तीन्ही एकत्र करून जो इंडेक्स काढतात तो तुम्हाला कुठल्याही पेपरात मिळेल. पण रिकामी पोटं फेकून देऊ नका, ती पण लिहा. मी पहिल्या वर्षी रिकामी पोटं वहीत घेतलीच नव्हती, मला वाटलं त्यात काय आहे. कुठल्या महिन्यात किती टक्के पोटं रिकामी हीच माहिती पुढे सगळ्यात उपयोगी ठरली असती.

आणि लेबल. हे मी जरा तळमळीने सांगते. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे ६२ बाटल्या होत्या, पोटातला ऐवज अल्कोहोलमध्ये, बाहेरून स्टिकर, त्यावर मार्करने बंदर, तारीख, जाळं, लांबी. लॅबमध्ये पाठवताना एक बाटली फुटली, बॉक्समध्ये अल्कोहोल सांडलं, आणि उघडल्यावर सगळे स्टिकर निळे-काळे डाग होऊन गेलेले. एक पण वाचता येईना. ६२ पोटं समोर आणि कुठली कुणाची माहिती नाही. ऑक्टोबर ते जानेवारीचं काम होतं ते, अक्षरशः रडले मी त्या दिवशी. म्हणून ऐका, पेन्सिलने लिहायचं, जाड ट्रेसिंग पेपरच्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी बाटलीच्या आत टाकायची. पेन्सिल अल्कोहोलमध्ये पुसत नाही. बाहेरचं लेबल वेगळं, वहीत नोंद वेगळी, आणि रात्री वहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो. फॉर्मलिन वापरणार असाल तर हातमोजे आणि हवेशीर जागा हवीच, ते अंगाला वाईट आहे, आणि एकदा फॉर्मलिनमध्ये टाकलं की त्यावरून डीएनए काढायचं जवळपास विसरा, त्यासाठी आधीच एक तुकडा अल्कोहोलमध्ये बाजूला ठेवायचा.

पोट सांगतं कालचं जेवण. गेल्या काही महिन्यांत मासा कशावर जगला हे कळायला मांसातले आयसोटोप बघतात. नायट्रोजनचा एक जड प्रकार असतो, खाणाऱ्याच्या अंगात तो खाल्ल्यापेक्षा थोडा जास्त साठतो, साधारण ३.४ पर मिल (हजारात ३.४) अन्नसाखळीच्या दर पायरीला असं धरतात, त्यावरून कोण कितव्या पायरीवर आहे ते काढता येतं. तारली तेलकट असल्यामुळे कार्बनचं माप घेण्याआधी तिच्या मांसातली चरबी काढावी लागते नाहीतर आकडा चुकतो. ही टेस्ट महाग, मशीन मोजक्या ठिकाणी, नंबर लागायला महिने जातात, तेव्हा प्रपोजल लिहितानाच पैसे मागून ठेवा. पण एकदा एका वाकटीच्या पोटात मला तिच्याच जातीचं पिल्लू सापडलं होतं, आयसोटोपचा नुसता आकडा ते कधीच सांगू शकला नसता. दोन्ही लागतं.

डॉल्फिनवर यायचंय ना, या. आपल्या किनाऱ्याला जवळच्या उथळ पाण्यात दिसतो तो हम्पबॅक डॉल्फिन, कर्ली खाडीच्या तोंडाशी देवबागला टुरिस्ट ज्याला बघायला जातात तोच. तो वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, म्हणजे मेलेला वाहून आला तरी वनखात्याला कळवल्याशिवाय हात लावायचा नाही, पोट वगैरे तर परवानगी आणि डॉक्टर असल्याशिवाय नाहीच. म्हणून त्याचं खाणं आपण बोटीतून बघून, फोटो काढून समजून घेतो. पाठीवरच्या पंखाच्या कडेला खाचा असतात, त्यावरून एकेक डॉल्फिन ओळखतात. तासन्तास काही होत नाही, ऊन असतं, बोट हलत असते, मला तर पहिल्या वर्षी प्रत्येक ट्रिपला उलटी व्हायची, आदल्या रात्री गोळी घेतली आणि सकाळी कोरडी भाकरी खाल्ली की जमतं. आणि मग एकदम सुरय गोळा होतात, कलकलाट, एकेक करून पाण्यात सूर मारायला लागतात, म्हणजे खाली थवा आलाय, आणि दोन मिनिटांत डॉल्फिन तिथे. होडीवाले पण हेच बघून जाळं टाकतात. त्या एका जागेसाठी पक्षी, डॉल्फिन आणि माणूस तिघं एकाच वेळी धडपडत असतात. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा वही हातात होती आणि वेळ लिहायची विसरले, आणि तरी मला त्या दिवसाचं वाईट वाटत नाही.

पण हेच डॉल्फिन जाळी फाडतात. एका रापणीवर मी बसले होते, बऱ्याच लोकांनी दोन तास ओढून जाळं किनाऱ्याला आलं तर आत दोन टोपल्या पेडवे आणि ढीगभर प्लास्टिक. शेजारचे एक काका माझ्या ट्रेकडे बघून म्हणाले, "माशांच्या पोटातला बघतंस, आमच्या पोटाचा कोण बघतलो?" मी काही बोलू शकले नाही. तुम्हाला पण असं कुणीतरी विचारेल. तेव्हा डॉल्फिन किती महत्त्वाचा आहे त्याचं भाषण देऊ नका. खाली बसा, कुठे फाटलं, किती वाजता, कुठलं जाळं, दुरुस्तीला किती गेले, सगळं त्यांच्याकडून विचारून लिहून घ्या. त्याच नोंदींमधून माझ्या थिसिसमधला एक पूर्ण भाग उभा राहिला, आणि डॉल्फिनमुळे कुठल्या जाळ्याचं किती नुकसान होतं हे त्या काकांनाच परत जाऊन सांगता आलं.

आता सगळ्यात नाजूक विषय, तारली कमी का झाली. प्रत्येक बंदरावर याचं उत्तर तयार असतं, कुणी म्हणतं पर्ससीन, कुणी एलईडी दिवे लावून केलेली मासेमारी, कुणी डॉल्फिन, कुणी म्हणतं पाणीच गरम झालंय. तुम्ही पहिल्या वर्षी कुणाच्याच बाजूने मान डोलवू नका. तारलीचा स्वभाव मुळातच चढउताराचा आहे. केरळात २०१२ ला जवळपास चार लाख टन तारली आली आणि २०२१ ला फक्त ३,२९७ टन, आणि २०२३ पर्यंत परत लाखाच्या वर गेली. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीत पण असे खड्डे आहेत. पावसाळ्यात नैऋत्य वाऱ्याने खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं, त्यावर डायटम (वनस्पती-प्लँक्टनचा एक प्रकार) वाढतात, त्यातल्या एका डायटमचं आणि तारलीचं नातं तर १९२० च्या दशकातच लक्षात आलं होतं, आणि त्याच काळात तारली अंडी घालते. पाणी कधी वर येतं, किती येतं, पिल्लांना वेळेवर खायला मिळतं का, यावर पुढच्या वर्षीची तारली ठरते. त्यात आपण छोटी, दहा सेंटीमीटरच्या आतली तारली ओढली, फिशमीलला (माशांची भुकटी करायला) घातली, तर वाईट वर्ष आणखी वाईट होतं. पूर्वी तारली मुख्यतः केरळ-कर्नाटकाच्या पट्ट्यात मिळायची, गेल्या काही दशकांत ती वर आपल्याकडे जास्त सापडायला लागली, म्हणजे एका राज्यात कमी झाली म्हणजे समुद्रातूनच गेली असं पण नाही.

बाहेरची उदाहरणं जरूर वाचा. पेरूची अँकोव्ही १९७० च्या सुमाराला वर्षाला सव्वा कोटी टनाच्या आसपास काढत होते, १९७२ च्या एल निनोत ती कोसळली आणि तिच्यावर जगणारे लाखो समुद्री पक्षी मेले. दक्षिण आफ्रिकेत सार्डिन आणि अँकोव्ही पूर्वेकडे सरकली, पेंग्विन मात्र जुन्याच बेटांवर घरटी करत राहिले, २००८ पासून काही बेटांभोवती मासेमारी बंद करून त्याचा परिणाम मोजला, वाद वर्षानुवर्षं चालला आणि २०२५ ला कोर्टात सहा वसाहतींभोवती दहा वर्षं बंदी ठरली. २०११ मध्ये जगभरातल्या चौदा जातींच्या समुद्री पक्ष्यांच्या डेटावरून असं दिसलं की छोटी मासळी तिच्या सगळ्यात जास्त साठ्याच्या एक तृतीयांशाखाली गेली की पक्ष्यांची पिल्लं जगेनाशी होतात. पण हा एक तृतीयांश उचलून आपल्या प्रपोजलमध्ये चिकटवू नका. ते पक्षी एक-दोन जातींच्या मासळीवर अडून असतात. आपल्याकडे उष्ण पाणी, छोट्या मासळीच्या चार-पाच जाती, तारली नसेल तर सुरमई पेडव्यांवर जाते, पेडवे नसतील तर मांदेली, माखूल. वेंगुर्ल्याच्या बर्न्ट आयलंडवर घरटी करणारे सुरय पिल्लांना कुठला मासा किती देतात याची सलग वर्षानुवर्षांची नोंद कुणी ठेवली तर मग आपल्याला आपला आकडा काढता येईल. हा विषय मी मुद्दाम इथे लिहितेय, कुणीतरी घ्या.

बाकी काही गोष्टी. आर (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) शिका, पहिल्या वर्षीच, डेटा गोळा झाल्यावर नाही, कारण किती पोटं लागतील हे ठरवायलाच तो लागतो. मासळीची नावं दर वीस किलोमीटरला बदलतात, सुरमईला मालवणात इसवण म्हणतात, वहीत स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही लिहा. मुलींसाठी सांगायचं तर पहाटे चारला जेटीवर जाणं आणि तिथे टॉयलेट नसणं हा खरा त्रास आहे, मी जेटीजवळच्या एका घरातल्या वहिनीशी आधी ओळख केली, चहा-पाणी, टॉयलेट, कपडे बदलायला जागा, सगळं तिच्याकडे, पुढे तिच्या मुलीच्या लग्नात मी आठ दिवस राबले. मावश्यांना दिलेले पैसे वहीत लिहा, पण दिवाळीचा फराळ लिहू नका. आणि पेपर छापून आला की त्यातलं मराठीत पानभर लिहून जेटीवर वाचून दाखवा, त्यांना आवडतं, आणि चूक असेल तर तिथल्या तिथे कळते. माझ्या एका नकाशात खडकाळ भाग दोन किलोमीटर सरकला होता, तो एका तांडेलाने बोट ठेवून दाखवला.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. नवीन येणाऱ्याने हे दोन महिने खड्यांचा संग्रह, आर आणि ओळखी यात घालवावेत, जाळी दुरुस्तीचं काम चालू असतं तेव्हा लोकांना बोलायला वेळ पण असतो. ऑगस्टचे पहिले दिवस दर्या खवळलेला असतो, सगळ्या बोटी जात नाहीत, पण ज्या जातात त्यांची मासळी बघायला पहिल्याच आठवड्यात जेटीवर असा. पावसात जन्मलेली पिल्लं तेव्हा सुरमईच्या पोटात सापडायला लागतात, बोटाएवढी, खवलं पारदर्शक. पहिल्या दिवशी कापायला काही मागू नका, नुसती लांबी मोजा, लिलाव ऐका, आणि मावशी कुठल्या सुरमईचं पोट बाजूला टाकते ते बघून ठेवा. खिशात दोन पेन्सिली, एक तासलेली.